मोटरहोमच्या डॅशबोर्डमधील हीटर आणि एसी, दोन्हींचा ब्लोअर बंद: सुरुवात कुठून करावी?

चाकांवरचे घर:

नमस्कार. आमच्याकडे फोर्डच्या ई-४५० चासीवर बांधलेले, ६.८ लिटरच्या व्ही-१० इंजिनाचे २००६ सालचे क्लास सी (ट्रकच्या केबिनमागे घर बांधलेले) मोटरहोम आहे. दोन वर्षांपूर्वी ते आम्ही इलिनॉयमध्ये एका निवृत्त जोडप्याकडून घेतले. इंजिन आणि गिअरबॉक्स यांनी आजवर कसलाही त्रास दिलेला नाही. त्रास आहे तो डॅशबोर्डमधून येणाऱ्या, किंवा आता न येणाऱ्या, हवेचा.

जुलैमध्ये ब्लोअरच्या, म्हणजे हवा ढकलणाऱ्या पंख्याच्या, चार वेगांपैकी पहिले तीन बंद झाले आणि फक्त सर्वांत मोठा वेग उरला. जवळच्या एका गॅरेजने रेझिस्टर, म्हणजे पंख्याचा वेग कमी करणारा भाग, जळाल्याचे सांगून तो बदलला. नवा रेझिस्टर जेमतेम तीन आठवडे टिकला. त्यांनी पुन्हा बदललेला दुसराही ऑगस्टअखेर गेला. तिसऱ्यांदा तेच पैसे मोजण्याची इच्छा नव्हती, म्हणून आम्ही ब्लोअर सरळ मोठ्या वेगावरच चालवू लागलो. आवाज पुष्कळ होत असे, पण हवा येत होती.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात यलोस्टोनहून परत येताना साउथ डकोटात आय-९० महामार्गावर पाऊस लागला. तेव्हा ब्लोअरचा आवाज आधी कमीजास्त होऊ लागला, डॅशबोर्डवर थाप मारली की क्षणभर सुधारू लागला आणि शेवटी थांबला. एकदा प्लॅस्टिक जळाल्यासारखा वासही आला. पाचेक मिनिटांत समोरची काच आतून इतकी धुरकट झाली की, दोन्ही खिडक्या उघड्या टाकून, काच फडक्याने पुसत पुसत आम्ही पुढचे विश्रांतिस्थळ गाठले. तेव्हापासून हीटरही नाही आणि एसीही नाही. एसी लावल्यावर बॉनेटखालून कॉम्प्रेसरच्या क्लचचा आवाज मात्र येतो. फ्यूज काढून पाहिला, तो डोळ्यांना तरी शाबूत दिसतो.

याशिवाय आणखी दोन गोष्टी आहेत, ज्यांचा याच्याशी संबंध आहे की नाही हे मला ठरवता आलेले नाही. ब्लोअर चालू असतानाच्या काळात मोठ्या चढावर समोरच्या झरोक्यांतून येणारी हवा आपोआप काचेकडे वळत असे. दुसरी गोष्ट यलोस्टोनमधील मॅडिसन कॅम्पग्राउंडवरची आहे. तेथे पहाटे तीनच्या सुमारास मागच्या भागातील प्रोपेनवरच्या फर्नेसचा पंखा फिरत होता, पण गरम हवा येत नव्हती, आणि थोड्या वेळाने तोही बंद पडला.

माझ्याकडे मल्टिमीटर आणि क्लॅम्प मीटर (तारेभोवती लावून करंट मोजणारे) आहे. वायरिंगला हात घालायची भीती वाटत नाही. गॅरेजवाले आता संपूर्ण डॅशबोर्ड उतरवायचा म्हणत आहेत आणि त्यासाठी सांगितलेला आकडा ऐकून आमच्या घरात शांतता पसरली आहे. कोणी अनुभवाने मार्ग दाखवेल काय?

टेक्सासचा वाटसरू:

सर्वप्रथम तुमच्या तीन तक्रारी वेगळ्या करू या, कारण मोटरहोम म्हणजे एकाच पत्र्याखाली राहणाऱ्या दोन गाड्या असतात आणि त्यांच्या तक्रारी एकमेकींत मिसळून पाहिल्या की माणूस भरकटतो. डॅशबोर्डमधील ब्लोअर हा चासीचा भाग आहे आणि तो इंजिनाच्या बॅटरीवर चालतो. मागच्या भागातील फर्नेसचा पंखाही बारा व्होल्टचाच असतो, पण तो घराच्या बॅटरीवर चालतो. छतावरचा एसी १२० व्होल्टवर, म्हणजे कॅम्पग्राउंडच्या वीजजोडणीवर किंवा जनरेटरवर चालतो. या तिघांचा एकमेकांशी संबंध नाही.

डॅशबोर्डच्या बाबतीत हीटर आणि एसी एकाच वेळी गेले, हीच सर्वांत उपयोगी माहिती आहे. हीटरची ऊब इंजिनाच्या गरम पाण्यातून येते आणि एसीचा गारवा कॉम्प्रेसरमधून येतो, म्हणजे दोन्हींचे उगम सर्वस्वी वेगळे आहेत. दोघांत समाईक अशी एकच गोष्ट आहे आणि ती म्हणजे हवा ढकलणारा ब्लोअर. म्हणून गॅस भरणे, थर्मोस्टॅट बदलणे असले सल्ले कोणी दिले तर सध्या ऐकू नका.

चढावर हवा काचेकडे वळते ही निराळी कथा आहे. या चासीत हवेची दिशा बदलणाऱ्या झडपा इंजिनाच्या व्हॅक्यूमवर, म्हणजे हवा ओढणाऱ्या पोकळीवर, हलतात. चढावर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की इंजिनातला व्हॅक्यूम घटतो. तेवढ्या वेळापुरता साठा राहावा म्हणून व्हॅक्यूमची एक टाकी आणि उलटा प्रवाह रोखणारा एक छोटा व्हॉल्व्ह दिलेला असतो. टाकीला चीर गेली, व्हॉल्व्ह निकामी झाला किंवा नळी कडक होऊन तडकली, की साठा राहत नाही आणि झडपा त्यांच्या मूळ जागी, म्हणजे काचेकडे, जातात. मूळ जागा काचेकडे ठेवण्यात शहाणपण आहे, कारण बिघाड झाला तरी समोरचे दिसत राहावे. हे काम दहा मिनिटांत आणि फार थोड्या खर्चात होते. आधी व्हॉल्व्ह काढून त्यात फुंकून पाहा. एका बाजूने हवा जायला हवी आणि दुसऱ्या बाजूने अजिबात जाता कामा नये. तो चांगला निघाला तर टाकी आणि नळ्या पाहा.

ब्लोअरच्या विजेबद्दल येथील नाशिककर काका माझ्यापेक्षा अधिकाराने लिहितील, म्हणून मी थांबतो.

बत्ती नाशिक:

ताई, मी नाशिकला चौतीस वर्षे ऑटो इलेक्ट्रिशियन म्हणून काम केले. तुमची ही गाडी मी आयुष्यात पाहिलेली नाही. परंतु ट्रक असो, टेम्पो ट्रॅव्हलर असो की तुमचे फिरते घर असो, बारा व्होल्टची मोटर, तिचा स्विच, रेझिस्टर आणि अर्थ यांचे नाते सगळीकडे सारखेच असते.

तुमच्या हकिगतीत मला जे दिसते ते असे. छोटे वेग रेझिस्टरमधून जातात आणि मोठा वेग त्याला वगळून जातो. म्हणून फक्त मोठा वेग उरणे ही रेझिस्टर गेल्याची खूण आहे आणि गॅरेजचे पहिले निदान बरोबर होते. चूक पुढे झाली. रेझिस्टर एकदा गेला तर तो वयाने गेला असे म्हणता येते, पण तीन आठवड्यांत दुसरा गेला तर त्याला कोणीतरी मारतो आहे. मारणारे सहसा दोघेच असतात. एक म्हणजे मोटर, जी बुश (आस पेलणारी कडी) कोरडे पडल्यामुळे किंवा पंख्यात काही अडकल्यामुळे जास्त करंट ओढते. दुसरे म्हणजे हवेचा अडथळा. रेझिस्टर मुद्दाम हवेच्या मार्गात बसवलेला असतो, जेणेकरून ब्लोअरचीच हवा त्याला थंड ठेवील. पाला किंवा कचरा साचून ती हवा कमी झाली की त्याच्यावरचा उष्णतेचा फ्यूज वितळतो.

त्यानंतर तुम्ही अनेक आठवडे ब्लोअर केवळ मोठ्या वेगावर चालवला. ज्या गाड्यांत मोठ्या वेगाचा करंटही स्विचमधूनच जातो, तेथे त्या काळात स्विचच्या एकाच पिनेवर संपूर्ण भार पडत राहिला. जास्त करंट ओढणारी मोटर, वीस वर्षांचे जुने कपलर (तारा जोडणारा प्लॅस्टिकचा जोड) आणि एकच पिन. थाप मारल्यावर चालू होणे आणि प्लॅस्टिकचा वास येणे, या दोन्ही गोष्टी मला त्या कपलरकडे नेतात. पण अंदाजावर मी कधी सुटा भाग बदलला नाही आणि तुम्हीही बदलू नका.

डॅशबोर्ड उतरवण्याची गरज नाही. बॉनेट उघडून मोटरजवळचे दोन पिनांचे कपलर शोधा. किल्ली चालू आणि स्विच मोठ्या वेगावर ठेवून, कपलर जोडलेले असतानाच, मागून मीटरच्या सुया लावा आणि दोन पिनांमधील व्होल्टेज पाहा. कपलर सोडवून मोजू नका. ही चूक शिकलेली माणसेही करतात. सोडवलेल्या तारेवर करंट वाहत नसतो, त्यामुळे शेवटच्या धाग्यावर लटकलेली तारही मीटरला पूर्ण बारा व्होल्ट दाखवते आणि माणूस समजतो की वायरिंग ठीक आहे, मोटर गेली. आमच्याकडे यासाठी साधा उपाय होता. हेडलाइटच्या साठ वॉटच्या बल्बला दोन तारा जोडून ठेवायच्या आणि मोटरच्या जागी तो बल्ब लावायचा. तो पाच अँपियरच्या आसपास करंट मागतो. तार चांगली असेल तर बल्ब पांढरा पेटतो आणि तार खराब असेल तर पणतीसारखा पिवळा पडतो. शिकाऊ पोराला व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे वाटेत व्होल्टेज घटणे, तोंडी समजावताना दुपार जात असे, पण हा बल्ब दाखवला की एका मिनिटात काम होई.

मोटरच्या दोन पिनांमध्ये जवळजवळ बॅटरीइतके व्होल्टेज मिळाले आणि तरीही ती फिरत नसेल, तर मोटर गेली असे समजा. ते फार कमी मिळाले तर उरलेले व्होल्टेज वाटेत कोठे खाल्ले जाते ते शोधायचे. त्यासाठी सर्किट चालू ठेवून प्रत्येक जोडाच्या अलीकडे एक सुई आणि पलीकडे एक सुई लावा. चांगल्या जोडावर मीटर ०.१ व्होल्टच्या आत राहील. जेथे एक-दोन व्होल्ट दिसतील तेथे तुमचा चोर आहे. फ्यूजचीही अशीच परीक्षा घ्या, कारण डोळ्यांना शाबूत दिसणारा फ्यूज टोकाशी तडकलेला असू शकतो.

एक सूचना मोजमापाआधीची आहे. डॅशबोर्डच्या आत पिवळ्या रंगाची कपलरे दिसतील, ती एअरबॅगची असतात. त्यांना सुई लावू नका.

प्रेअरीकर:

फर्नेसविषयी मी लिहिते. आम्ही कॅल्गरीत राहतो आणि येथे सप्टेंबरातच फर्नेसची परीक्षा सुरू होते.

पंखा फिरतो पण ज्योत पेटत नाही, हे पहाटे घडले आणि विजेची जोडणी नसलेल्या जागी घडले. यातच उत्तर आहे असे मला वाटते. यलोस्टोनमध्ये फिशिंग ब्रिज सोडले तर इतर कॅम्पग्राउंडवर वीज नाही, आणि रात्री जनरेटर लावता येत नाही. फर्नेसमध्ये हवेच्या झोताने ढकलले जाणारे एक पातळ पाते असते, ज्याला सेल स्विच म्हणतात. पंख्याने पुरेसा वेग घेतला तरच ते पाते दाबले जाते आणि त्यानंतरच गॅसचा व्हॉल्व्ह उघडायला परवानगी मिळते. जळालेला वायू बाहेर ढकलण्याइतकी हवा नसताना गॅस पेटू नये, म्हणून ही रचना आहे. फर्नेसपाशी व्होल्टेज साडेदहाच्या खाली गेले की पंखा फिरतो खरा, पण पाते दाबण्याइतका जोर त्याच्यात राहत नाही.

हिशेब करून पाहा. फर्नेसचा पंखा सात-आठ अँपियर घेतो. थंड रात्री दहा तासांपैकी निम्मा वेळ तो चालला तरी पस्तीस ते चाळीस अँपियर-तास खर्च होतात. ऐंशी अँपियर-तासांची साधी लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये असा संकेत आहे, म्हणजे एका रात्रीतच तुम्ही तिचा तळ गाठता. त्यात दिवे, पाण्याचा पंप आणि फोनचे चार्जर धरलेले नाहीत. बॅटरी तीन-चार वर्षांची असेल तर तिच्यात मूळची क्षमता उरलेलीच नसते. रात्री झोपण्यापूर्वी आणि सकाळी उठल्यावर, दोन्ही वेळा व्होल्टेज लिहून ठेवा. संध्याकाळी १२.६ आणि सकाळी ११.५ दिसले तर फर्नेसला दोष देऊ नका.

पूर्ण चार्ज केलेल्या बॅटरीवर किंवा वीजजोडणीवरही ज्योत पेटली नाही, तर मात्र बाहेरची जाळी काढून पाहा. कुंभारमाश्या बर्नरच्या नळीत मातीची घरटी करतात. आमच्याकडे एका उन्हाळ्यात हे घडले होते. आणि कृपया, फर्नेस बंद पडला म्हणून ऊब मिळवण्यासाठी गॅसची शेगडी पेटवून ठेवू नका. त्या छोट्या जागेत कार्बन मोनॉक्साइड साचायला वेळ लागत नाही. अलार्मची मुदत त्याच्या मागच्या बाजूला छापलेली असते, तीही एकदा पाहून घ्या.

चाकांवरचे घर:

सर्वांचे आभार. शनिवारी सकाळी मोजमापे घेतली. इंजिन बंद, किल्ली चालू आणि स्विच मोठ्या वेगावर होता.

बॅटरीवर १२.४ व्होल्ट होते. मोटरच्या कपलरवर, ते जोडलेले असताना, फक्त ५.२ व्होल्ट मिळाले. त्या वेळी मोटर जेमतेम कण्हत फिरत होती आणि झरोक्यापर्यंत हवा पोहोचत नव्हती. क्लॅम्प मीटरने ८ अँपियर दाखवले. काका, आपण सांगितलेली चूक कशी दिसते ते पाहावे म्हणून कपलर सोडवूनही मोजले आणि मीटरने निर्लज्जपणे १२.३ दाखवले. तेवढ्यावर थांबले असते तर मी मोटर चांगल्या वायरिंगला जोडलेली आहे असे समजून केवळ ती बदलली असती आणि नव्या मोटरलाही तेच ५ व्होल्ट मिळाले असते.

त्यानंतर स्विचभोवतीची चौकट काढली. ती चार स्क्रूंवर आहे, डॅशबोर्ड उतरवण्याचा प्रश्नच आला नाही. स्विचच्या मागच्या कपलरच्या अलीकडे आणि पलीकडे सुया लावल्या तर एकट्या त्या जोडावर ६.३ व्होल्ट खर्च होत होते. उरलेल्या सगळ्या वाटेवर मिळून ०.९. किल्ली बंद करून, बॅटरी सोडवून कपलर बाहेर ओढले. एका पिनेभोवतीचे प्लॅस्टिक तपकिरी होऊन वितळले होते आणि त्या पिनेची पकड इतकी सैल झाली होती की ती हाताने मागेपुढे होत होती.

आता केवळ कपलर आणि स्विच बदलावेत, की मोटरही?

बत्ती नाशिक:

ताई, तुमचे मोजमाप उत्तम आहे. ६.३ व्होल्ट गुणिले ८ अँपियर म्हणजे सुमारे ५० वॉट उष्णता त्या एका पिनेवर तयार होत होती. सोल्डरिंगची साधी इस्त्री २५ वॉटची असते. म्हणजे दोन इस्त्र्या डॅशबोर्डच्या आत, तारांच्या जुडग्यात, चालू ठेवल्यासारखे होते. तुमची गाडी पेटली नाही हे नशीब समजा, आणि दुरुस्ती होईपर्यंत तो स्विच चुकूनही लावू नका.

मोटरबद्दल आताच हो किंवा नाही म्हणू नका, तिची स्वतंत्र परीक्षा घ्या. तिला कपलरपासून सोडवा, ३० अँपियरचा फ्यूज मध्ये घालून थेट बॅटरीवरून जाड तारेने चालवा आणि तारेभोवती क्लॅम्प मीटर लावा. अशा मोटरा निरोगी असताना मोठ्या वेगावर साधारण १५ ते २० अँपियर घेतात. त्याहून बरेच जास्त आले, किंवा ती किरकिरली, किंवा वीज तोडल्यावर पंखा हळूहळू थांबण्याऐवजी एकदम अडखळून थांबला, तर आधी तिला बाहेर काढून पंखा साफ करा आणि पुन्हा मोजा. तरीही करंट उतरला नाही तर मोटर बदला. आजारी मोटर ठेवून नवा स्विच बसवणे म्हणजे गॅरेजने केले तेच तुम्ही स्वतःच्या हाताने पुन्हा करणे होय.

कपलर घेताना तयार तारांसह मिळते ते घ्या. वितळलेल्या कपलरजवळची तार तीन-चार इंच मागेपर्यंत कापून टाका, कारण उष्णतेने तिचे तांबे काळे पडलेले असते आणि काळ्या तांब्यावर केलेला जोड टिकत नाही. नवी तार जुन्याच जाडीची असावी, तिच्याहून बारीक चालणार नाही. स्लीव्ह क्रिंप करून वरून आकसणारी नळी चढवा. वीजतारा पिळून त्यावर टेप गुंडाळण्याची आपली देशी पद्धत ब्लोअरसाठी विसरा. मी स्वतः तरुणपणी पुष्कळ वेळा तसे केले आहे आणि त्या गाड्या परत आल्या आहेत. फ्यूज मात्र कोणत्याही परिस्थितीत मूळ अँपियरचाच ठेवा.

टेक्सासचा वाटसरू:

एक छोटी भर घालतो. मोटरहोममध्ये बॅटरी सोडवली असे म्हणताना कोणती सोडवली हे तपासा. इंजिनाची आणि घराची अशा दोन बॅटऱ्या असतात आणि काही गाड्यांत त्यांना जोडणारा सोलेनॉइड (विजेवर चालणारा स्विच) अडकून बसलेला असतो. वीजजोडणीची दोरी लावलेली असेल तर चार्जरही मागून वीज पुरवत राहतो. दोरी काढा, दोन्ही बॅटऱ्यांचे ऋण टोक सोडवा आणि जेथे हात घालणार आहात तेथे मीटर लावून शून्य दिसल्याची खात्री करा.

चाकांवरचे घर:

मोटर थेट बॅटरीवर लावली तेव्हा तिने २७ अँपियर घेतले आणि सुकलेल्या बैलगाडीच्या चाकासारखा आवाज केला. बाहेर काढल्यावर कारण दिसले. पंख्याच्या पात्यांमध्ये पाइनच्या सुया, उशीतला कापूस आणि कागदाचे तुकडे यांचा मुठीएवढा गोळा अडकला आहे. उंदरांचे जुने घरटे असावे. आमच्या गाडीत या मार्गावर फिल्टर नाही, त्यामुळे बाहेरून आलेले सगळे थेट पंख्यापर्यंत पोहोचते. लेंड्याही दिसत आहेत. उद्या व्हॅक्यूम क्लीनर लावून तो सगळा मार्ग साफ करते.

प्रेअरीकर:

थांबा, व्हॅक्यूम क्लीनर लावू नका आणि कोरडे झाडूही नका. उत्तर अमेरिकेतील डिअर माउस जातीच्या उंदरांच्या मूत्रातून आणि लेंड्यांतून हंताव्हायरस पसरतो. १९९३ मध्ये न्यू मेक्सिको, ॲरिझोना, कोलोरॅडो आणि युटा यांच्या सीमा मिळतात त्या भागात याच मार्गाने लोक दगावले होते. हा विषाणू मुख्यतः हवेत उडालेल्या धुळीतून श्वासात जातो, आणि व्हॅक्यूम क्लीनर नेमके तेच काम करतो.

गाडीचे सगळे दरवाजे अर्धा तास उघडे ठेवा. हातमोजे घाला. एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी असे मिश्रण फवारून ती सगळी घाण पूर्ण भिजवा, किमान पाच मिनिटे तशीच राहू द्या आणि मग कागदी रुमालांनी उचलून दुहेरी पिशवीत बंद करा. मोटर बाहेर काढलेलीच आहे, त्यामुळे तिचे घर आतून पुसून घेता येईल. ब्लीच ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्यांवर साचू देऊ नका, ओल्या फडक्याने पुन्हा पुसा. साफसफाई होईपर्यंत मुलांना गाडीत चढू देऊ नका. जुलैपासून तुम्ही सगळे तीच हवा घेत होतात. घाबरवण्यासाठी हे लिहीत नाही. पण येत्या काही आठवड्यांत कोणाला ताप, अंगदुखी आणि मागोमाग धाप लागली, तर डॉक्टरांना उंदरांच्या घरट्याचा उल्लेख आवर्जून करा.

चाकांवरचे घर:

प्रेअरीकर, आपण वेळेवर लिहिले. क्लीनर गाडीजवळ नेऊन ठेवलेला होता. आपण सांगितल्याप्रमाणेच सफाई केली आणि त्यात अख्खा रविवार गेला. आम्ही सर्व जण ठणठणीत आहोत, तारखा मात्र दिनदर्शिकेवर लिहून ठेवल्या आहेत.

पंखा साफ केल्यावर जुनी मोटर पुन्हा मोजली. २७ वरून २२ अँपियरवर उतरली, पण किरकिर तशीच राहिली आणि हाताने फिरवताना ती अडखळत होती. म्हणजे घरट्याने नुसती हवा अडवली नव्हती. तोल गेलेल्या पंख्याने बुशही खाल्ला होता. नवी मोटर त्याच पद्धतीने थेट बॅटरीवर १६ अँपियर घेते. मोटर, रेझिस्टर, स्विच आणि तारांसह कपलर असे चारही भाग बदलले. एकूण खर्च गॅरेजने डॅशबोर्ड उतरवण्यासाठी सांगितलेल्या आकड्याच्या पाचव्या हिश्शाहून कमी झाला. तार मागे कापताना पहिल्या दोन इंचांत तांबे खरोखरच काळे निघाले आणि चौथ्या इंचाला लालसर चकाकी दिसली, तेथे जोड दिला.

आता मोठ्या वेगावर मोटरच्या कपलरवर ११.८ व्होल्ट मिळतात. स्विचच्या कपलरवरचा ड्रॉप ०.०८ आहे. चारही वेग चालतात. अर्धा तास सतत चालवून नंतर स्विचमागे बोट लावून पाहिले, कपलर कोमट आहे, गरम नाही.

व्हॅक्यूमचा व्हॉल्व्ह दोन्ही बाजूंनी फुंकला तरी हवा सोडत होता, तो बदलला. आमच्या परिसरात चढ म्हणावा असा रस्ताच नाही, त्यामुळे त्याची परीक्षा पुढच्या डोंगराळ प्रवासापर्यंत राखून ठेवावी लागणार आहे. फर्नेस अंगणातल्या वीजजोडणीवर पहिल्याच प्रयत्नात पेटला. घराची बॅटरी रात्रभर फर्नेससह ठेवली तेव्हा रात्री १२.५ आणि पहाटे ११.२ होती, आणि तिच्या अंगावरची तारीख सहा वर्षांपूर्वीची आहे. ती आधीच्या मालकांनी बसवलेली, आम्ही कधी पाहिलीच नव्हती.

बाहेरच्या हवेच्या तोंडावर आता पाव इंच छिद्रांची तारेची जाळी लावली आहे. काका, इतकी जाळी हवेला अडथळा करील काय?

बत्ती नाशिक:

पाव इंचाची जाळी हवेला अडवणार नाही, पाला मात्र तिच्यावर चिकटेल, तो दर महिन्याला हाताने काढत जा. उंदीर रोखायचे तर छिद्रे याहून मोठी नसावीत. आणि तो हेडलाइटचा बल्ब तयार करून गाडीच्या हत्यारांच्या पेटीत ठेवा. मीटरचा सेल संपला की तोच कामाला येतो.